लिहा, जांभळा

टेमकर सरांनी कधी फळा पुसला नाही. अंबरनाथच्या त्या ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवत होते, आणि अकरावी सायन्सच्या वर्गावर त्यांचा बायॉलॉजीचा तास संपला की माझा सुरू व्हायचा. मी दारात उभी असायचे. सर हातावरचा खडू झटकत बाहेर यायचे, "या मॅडम, या. आता मुलांना जरा आराम," असं म्हणायचे आणि चालू लागायचे. आत फळा वरपासून खालपर्यंत भरलेला, आणि डस्टर टेबलाच्या कडेला, खास माझ्यासाठी काढून ठेवल्यासारखं. फळा पुसणं हे हलकं काम आहे आणि मराठी हा हलका विषय आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. दोन्ही एकाच बाईच्या गळ्यात घातलं की त्यांना बरं वाटत असावं.

माझा मात्र त्यात फायदा झाला. पुसण्याआधी वाचायची मला खोड. असं वाचत वाचत वर्षभरात मी अर्धी सायन्सवाली झाले. स्टार्च म्हणजे साखरेचीच लांबलचक माळ असते, आणि पोळी बराच वेळ चावत राहिलं की ती गोड लागते, कारण लाळेतलं एन्झाइम ती माळ तोडायला तोंडातच सुरुवात करतं, हे मला त्या फळ्याने सांगितलं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आपण डाळ खा नाहीतर अंडं खा, पोटातलं पेप्सिन त्या माळेचे तुकडे करतं, आणि त्याच मण्यांतून शरीर आपल्याला हवं ते नवं ओवून घेतं. मण्यांवर कुणाचं नाव नसतं. हे वाचून मी एकदा हातात डस्टर घेऊन तशीच उभी राहिले होते, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "मॅडम, सो गये क्या?" म्हणालं होतं.

इतकी सुंदर गोष्ट, आणि ती कुणाच्या हाती पडावी, तर टेमकर सरांच्या! मला याचा राग यायचा. अजून येतो.

सर दिसायला नीटनेटके होते. राखाडी सफारी, खिशाला तीन पेनं, केसांना दर पंधरवड्याला लावलेला कलप. कलपाचा एक ठिपका कानाच्या पाळीवर कायम राहिलेला असे आणि तो त्यांना सांगायची हिंमत कुणात नव्हती. चालताना ते किंचित मागे झुकत, समोरचा माणूस आपल्यापेक्षा कमी आहे हे नीट दिसावं म्हणून. शिकवणं म्हणजे त्यांच्या लेखी सांगून लिहून घेणं. "लिहा. विचार करू नका, लिहा," हे त्यांचं आवडतं वाक्य. एखादं पोर लिहिता लिहिता थांबून खिडकीबाहेर बघायला लागलं की त्यांचा आवाज चढे. "काय बघतोस? उत्तर बाहेर आहे का?"

जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत असं ते मानत : ज्यांना मार्क आहेत आणि ज्यांना नाहीत. दीपक नावाचा एक मुलगा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून यायचा. घरचं फरसाणाचं दुकान. त्याने एकदा विचारलं, "सर, तेल पानी में घुलता क्यों नहीं? कढई धोने में बहुत वाट लगती है." वर्ग हसला, पण प्रश्न चांगला होता. सर म्हणाले, "किती मार्काला आहे?" दीपकला कुठून माहीत असणार? "मग बस खाली." दीपक बसला, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याने नंतर कुणालाच काही विचारलं नाही. आज तो ते दुकान चालवतो आणि कढई धुवायला माणूस ठेवलाय, म्हणजे त्याचं फार अडलं नाही म्हणा.

पण सरांची खरी कला दिसायची प्रॅक्टिकलला. प्रयोगाच्या आदल्या तासालाच ते जर्नल काढायला लावत आणि निरीक्षणाचा रकाना सांगून भरून घेत. स्टार्चवर आयोडीन टाकलं : लिहा, निळा-काळा. साखरेवर बेनेडिक्ट टाकून तापवलं : लिहा, विटकरी. प्रोटीनची बायुरेट टेस्ट, म्हणजे आधी कॉस्टिकचं पाणी आणि मग मोरचुदाचे दोन थेंब : लिहा, जांभळा. दुसऱ्या दिवशी वेळ उरलाच तर प्रयोग. आमच्या लॅबमध्ये एकदा गॅस संपला होता, बेनेडिक्ट तापलंच नाही, तरी चाळीस जर्नलांत ते विटकरी झालं. केमिस्ट्रीच्या मॅडमनी दबक्या आवाजात हे सरांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "मॅडम, ऑब्झर्वेशन आधी पक्कं असलं की एक्सपेरिमेंट चुकत नाही." हे वाक्य मी त्याच दिवशी घरी नवऱ्याला सांगितलं. तो बिचारा बँकेत आहे. तो म्हणाला, आमच्याकडे असं केलं तर आत टाकतात.

त्यांची आणखी एक गंमत होती. त्यांच्याजवळ एक छोटा निळा थर्मास असायचा. तो ते स्टाफरूममध्ये कुणाला हात लावू देत नसत. विचारलं तर म्हणत, "तुळशीचा काढा आहे. तुम्हाला सोसायचा नाही." डबा खायच्या आधी तो थर्मास घेऊन ते लॅबच्या मागच्या लहान खोलीत जात, जिथे ॲसिडच्या बाटल्या असत, आणि आतून कडी लावत. "बाटल्या चेक करतो." जरा वेळाने बाहेर येऊन हात धुवून जेवायला बसत. आता काढा प्यायला कडी कशाला लागते? सर स्वतःला कट्टर शाकाहारी म्हणवत. प्रोटीनच्या टेस्टसाठी अंड्यातला पांढरा भागसुद्धा लॅबमध्ये आणू देत नसत. तेव्हा स्टाफरूमचा एकमताने निकाल होता : आमलेट. मी तर एकदा दाराशी जाऊन वास घेतला होता. नुसता स्पिरिटचा आला.

मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं त्याच सुमाराला सरांच्या हाती डबा आला. त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण आम्ही सगळे त्याला नुसता 'डबा' म्हणायचो. पांढरी पावडर, वर हसऱ्या कुटुंबाचं चित्र, आणि किंमत अशी की आमच्या शिपायाने ती ऐकून "एवढ्यात बकरी येते" असं सांगितलं. साखळी पद्धतीचा धंदा होता. तुम्ही डबा घ्यायचा, दोघांना घ्यायला लावायचा, त्या दोघांनी आणखी दोघांना. दर रविवारी उल्हासनगरच्या कुठल्याशा हॉलमध्ये मीटिंग असे. तिथे टाय लावलेली माणसं स्टेजवर येऊन रडत आणि टाळ्या घेत. सर सोमवारी तिथून नवे शब्द घेऊन येत. सेल, डिटॉक्स, अपलाईन. आयुष्यात कधी घाम न आलेला हा माणूस आता "मेहनत" या विषयावर बोलायला लागला.

स्टाफरूममध्ये त्यांनी कुणालाच सोडलं नाही. प्रिन्सिपॉलनी घेतला. क्लार्कने हप्त्याने घेतला. मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर एन्झाइमची कमतरता स्पष्ट दिसते."

"ती कमतरता नाही सर," मी म्हटलं, "ते तुमच्याबद्दलचं मत आहे."

त्यावर ते हसले. अपमान त्यांच्या अंगाला लागतच नसे. मेणकापडावर पाणी टाका, तसं.

त्यांच्या मते त्या डब्यातलं एन्झाइम प्यायलं की थेट स्वादुपिंडात जाऊन त्याला जागं करायचं. मग डायबेटीस गेलाच म्हणून समजा. हे ते दुपारी पालकांना सांगत. आणि सकाळी वर्गात काय शिकवत? ते मला माहीत होतं, कारण पुसायचे मीच. एके दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत होतं : इन्सुलिन हे प्रोटीन आहे. तोंडाने दिलं तर पेप्सिन त्याचे तुकडे करतं. म्हणून ते इंजेक्शननेच द्यावं लागतं. खाली दोन रेघा, आणि बाजूला चौकटीत 'गॅरंटीड ३ मार्क'.

मी तेव्हा त्याचा असा अर्थ लावला होता की या माणसाच्या डोक्यात दोन खोल्या आहेत आणि मध्ये दारच नाही. एका खोलीत सिलॅबस, दुसरीत धंदा. सकाळी एकीत दिवा लागतो, दुपारी दुसरीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात शिकवताना डोळ्यांपुढे त्यांनाच ठेवत असे. मूर्ख आहे बिचारा, असं म्हणून मी सोडून द्यायचे.

त्या दिवशी तो फळा पुसायला प्रज्ञा गायकवाड पुढे आली होती. ती पहिल्या बाकावर बसायची आणि अधूनमधून माझ्या हातातलं डस्टर घ्यायची तिला सवय होती. सडसडीत, हुशार, बोलायला धीट मुलगी. वडील आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. घरात सायन्सला गेलेली ही पहिलीच, म्हणून त्यांना तिचं फार कौतुक. प्रज्ञाला लहानपणापासून डायबेटीस होता, म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, मुलांना होतो तो. शरीरात इन्सुलिन बनतच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ सुई. ती स्वतःच घ्यायची आणि त्याचं तिला काही वाटत नसे. "चष्मा लावतात तसंच ना मॅडम," असं एकदा म्हणाली होती.

गेले काही दिवस मात्र ती तासातून सारखी पाणी प्यायला बाहेर जात होती. ड्रेस खांद्यावरून उतरायला लागला होता. त्या दिवशी फळ्याच्या मधोमध तिचं डस्टर थांबलं.

"मॅडम, हे राहू दे ना."

"का गं?"

"पप्पांना आणून दाखवू वाटतं." मग मागे न बघता म्हणाली, "पप्पांनी सकाळचं इंजेक्शन बंद केलंय. सर घरी आलेले. बोलले, मुलगी उद्या लग्नाची होणार, सुया टोचते म्हटल्यावर स्थळ येईल का? डबा चालू करा, सकाळचं बंद करा, मग महिन्याने संध्याकाळचं पण. पप्पांनी दोन डबे घेतले."

"आणि तू ऐकलंस?"

"मी सरांना वर्गात विचारलं ना. इन्सुलिनला पेप्सिन तोडतं तर मग डब्यातलं एन्झाइम पण प्रोटीनच, त्याला का नाय तोडत? सर बोलले, हे परीक्षेला नाही. बस खाली."

माझं डोकं फिरलं. मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. मुलीच्या जिवाशी खेळताय, एवढं तरी कळतं का तुम्हाला, वगैरे. ते थर्मास हातात घेऊन लॅबच्या मागच्या खोलीकडे निघाले होते. शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा. हा सायन्सचा विषय आहे." आणि आत जाऊन कडी लावली.

संध्याकाळी गायकवाडांना फोन केला. माणूस अतिशय सभ्य. मला तीनदा "मॅडम, तुमचं बरोबर आहे" म्हणाले. मग म्हणाले, "पण मॅडम, राग मानू नका, तुम्ही मराठीच्या. सर स्वतः शिकवतात ना ते सगळं. आमच्यात कोण शिकलंय? सर बोलले म्हणजे विचार करूनच बोलले असणार." मी पुन्हा सांगितलं, डॉक्टरांना तरी विचारा. ते म्हणाले, "डॉक्टर तर सुया बंद करूच देणार नाय. त्यांचा धंदाय तो, सरांनी सांगितलंय आधीच." सरांनी बाहेर पडायच्या सगळ्या वाटा आधीच बंद करून ठेवल्या होत्या. इतकी तयारी त्यांनी कुठल्या तासाची कधी केली नसेल.

आणि मग, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तर टेमकर सरांनीच. कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांनी रविवारी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला. नाव काय, तर 'जीवनाचं रसायन'. प्रिन्सिपॉलनी डबा घेतलेला असल्याने परवानगी मिळाली. डब्यात शुद्ध प्रोटीन आहे हे ते सर्वांसमोर बायुरेट टेस्टने सिद्ध करणार होते. मी गेले ते प्रज्ञासाठी.

सर टाय लावून आले होते. टेबलावर डब्यांचा मनोरा. पंचवीस-तीस पालक, सगळे आनंदनगरच्या कंपन्यांतले, शिफ्टच्या घाईतले, रविवारी एक दिवस मिळतो तो इथे घालवत असलेले. पहिल्या रांगेत गायकवाड, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीकडे बघत. मागे भिंतीशी वर्गातली काही मुलं, दीपकही त्यांत. सरांनी प्रज्ञाला मदतीला पुढे बोलावलं. "ही आपली लाइव्ह एक्झाम्पल," असं म्हणाले. प्रज्ञाचे ओठ सुकले होते. तिने येताना बाटलीभर पाणी संपवलेलं मी पाहिलं होतं.

तिने परीक्षानळीत डब्यातली पावडर पाण्यात कालवली. कॉस्टिकचं पाणी टाकलं. मोरचुदाचे थेंब टाकले, हळूच हलवलं. सर या सगळ्या वेळात पालकांकडे तोंड करून अमिनो आम्लांवर बोलत होते. नळीकडे त्यांनी पाहिलंच नाही. का पाहतील? त्यांनी आयुष्यात कधी नळीकडे पाहून रंग सांगितला नव्हता. हात मागे करून, नळीकडे बोट दाखवून ते मोठ्याने म्हणाले, "आणि बघा! जांभळा! शंभर टक्के प्रोटीन!"

प्रज्ञाच्या हातातली नळी निळी होती. स्वच्छ, आकाशी निळी. मोरचूद जसा दिसतो तसा.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून दीपकचा आवाज आला, "सर, ये तो ब्लू है."

सर वळले. पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा कोरा झाला, आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले, "ट्यूबलाइटमुळे तसा दिसतो. जांभळाच आहे. मुलांनो, तुमच्या जर्नलमध्ये काय लिहिलंय? जांभळा. बास."

आणि खोटं कशाला सांगू, दोन-तीन पालकांनी माना डोलावल्या. सरांनी सांगितलं म्हणजे ट्यूबलाइटच असणार. एकाने वर ट्यूबलाइटकडे पाहिलंसुद्धा. त्या क्षणी मला सरांपेक्षा त्या मानांचा जास्त संताप आला.

प्रज्ञाने दुसरी नळी घेतली, तीच पावडर, तेच पाणी, आणि शेल्फवरची आयोडीनची बाटली काढून एक थेंब टाकला. नळी शाई ओतल्यासारखी निळी-काळी झाली. ती घेऊन ती सरांकडे नाही, वडिलांकडे गेली.

"पप्पा, हे स्टार्च आहे."

"म्हणजे काय, बाळा?"

"पीठ. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. सरांनीच शिकवलंय." तिने नळी त्यांच्या हातात दिली. "गोड लागतं म्हणजे वर साखर पण घातलीय. पप्पा, सकाळी इंजेक्शनच्या टायमाला मी साखर खाते रोज." एवढं बोलून ती शेजारच्या स्टुलावर बसली, म्हणजे जवळजवळ पडलीच.

गायकवाड उठून उभे राहिले. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि फक्त "सर?" म्हणाले. त्या एका शब्दात अजूनही आशा होती, हे मला बघवलं नाही. सर काहीतरी स्पष्टीकरण देतील, आपली चूक झाली नसेल, असं त्या माणसाला वाटत होतं.

सर म्हणाले, "गायकवाड, टेस्टमध्ये कधीकधी केमिकल जुनं असतं."

गायकवाडांनी मग मुलीला उचललं. सतरा वर्षांच्या मुलीला त्यांनी लहान पोरीसारखं उचलून खाली नेलं, रिक्षात घातलं आणि उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रिक्षात मीही होते. वाटेत ते सारखे एकच म्हणत होते, "मी सरांचं ऐकलं. मी सरांचं ऐकलं." प्रज्ञाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडूस वास येत होता. तो वास चांगला नाही, हे मला नंतर कळलं. दवाखान्यातला तरुण डॉक्टर गायकवाडांवर एवढा ओरडला की वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली. गायकवाड मान खाली घालून ऐकत उभे होते. त्या शिव्या ज्याच्या वाट्याच्या होत्या तो तेव्हा लॅबमध्ये डब्यांचा मनोरा पुन्हा पिशवीत भरत असणार.

प्रज्ञा वाचली. थोडक्यात वाचली, पण वाचली. काही दिवसांनी गायकवाड तिच्या रजेचं सांगायला कॉलेजात आले, तेव्हा त्यांनी उरलेला डबा सरांच्या टेबलावर ठेवला. पैसे मागितले नाहीत, आवाज चढवला नाही. नुसता ठेवला आणि गेले. सर म्हणाले, "अडाणी लोक. कोर्स अर्धवट सोडला की असं होतं."

सरांचं पुढे काही झालं नाही. अशांचं होत नसतं. प्रिन्सिपॉलनी त्यांना बोलावून चहा पाजला आणि "जरा जपून" असं सांगितलं. डबा हळूहळू बंद झाला, त्यानंतर जांभूळ गावाच्या बाजूला प्लॉट विकायचं काही दिवस चाललं, आणि मग सर रिटायर झाले. निरोपसमारंभात त्यांना 'विज्ञाननिष्ठ शिक्षक' म्हटलं गेलं. ते मानपत्र मी लिहावं अशी विनंती होती. मी त्या दिवशी आजारी पडले.

प्रज्ञा पुढे मायक्रोबायॉलॉजी शिकली आणि आनंदनगरच्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. मधे स्टेशनबाहेर भेटली होती. अंगाने भरली होती, खांद्याच्या पर्समध्ये सुईची छोटी पेटी. "काय करतेस लॅबमध्ये?" मी विचारलं. हसून म्हणाली, "आधी बघते मॅडम, मग लिहिते."

टेमकर सरांना मी शेवटचं पाहिलं ते बदलापूरला, आमच्या क्लार्कच्या मुलीच्या लग्नात. हॉल गच्च, पंगत बसायला वेळ होता. सरांच्या बायको माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. साधी, बोलकी बाई. मला त्यांचा कधी राग आला नव्हता. समोर, हात धुवायच्या नळांच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून सर उभे होते. जवळच्या स्टुलावर तो निळा थर्मास, झाकण काढलेला. त्यांनी शर्ट वर केला, पोटाची चिमूट धरली आणि सराईत हाताने सुई टोचली. मग कापसाच्या बोळ्याने ती जागा हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा पुसली. त्यांना काही पुसताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

"सरांना डायबेटीस कधी झाला?" मी विचारलं.

"अगं बाई, तुम्हाला माहीत नाही? खूप जुना आहे. आमचा धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासून सुया. पण शिस्त बघा हं, जेवणाआधीचं इंजेक्शन एक दिवस चुकवलं नाही. कॉलेजात असतानासुद्धा थर्मासात बर्फ घालून मीच द्यायचे. ॲसिडच्या खोलीत जाऊन घ्यायचे म्हणे. चारचौघांत नको वाटायचं त्यांना."

माझ्या हातात सरबताचा पेला होता. तो मी खाली ठेवला.

"आणि तो डबा, वहिनी? ती पावडर?"

"अहो, ती आली तेव्हा मीच म्हटलं होतं, सगळ्यांना देताय, तुम्ही पण घेऊन बघा की, सुया तरी सुटतील." वहिनी हसल्या. "केवढे ओरडले माझ्यावर! म्हणाले, वेडी आहेस का? इन्सुलिन प्रोटीन असतं. तोंडाने कसलं काय लागू पडतंय? जीव घेशील माझा."

सर शर्ट खोचत आमच्याकडे आले. कानाच्या पाळीवर कलपाचा ठिपका तसाच होता. थर्मासचं झाकण घट्ट लावत, किंचित मागे झुकून त्यांनी विचारलं, "काय मॅडम, अजून फळे पुसता का?"

इतकी वर्षं मी या माणसाला मूर्ख म्हणून सोडून देत आले होते. तेवढा मोठेपणा मी त्यांना उगाच दिला. डोक्यात दोन खोल्या वगैरे काही नव्हतं. इन्सुलिनचा तो धडा एवढ्या मोठ्या वर्गात मनापासून समजलेली माणसं दोनच होती, एक प्रज्ञा गायकवाड, आणि दुसरे टेमकर सर.